विद्यार्थ्यांना वाटून दिलेल्या नद्या

पीएच.डी.ला काय घेतलंय, या प्रश्नाला येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात एकेकाळी नदीचं नाव हे उत्तर असायचं. आर. व्ही. जोशींकडे मलप्रभा होती, व्ही. एन. मिश्रांकडे राजस्थानातली बेडच, शरद राजगुरूंकडे घरचीच मुळा-मुठा. नदी मिळाली नाही त्यांना जिल्हा किंवा अख्खा प्रांत मिळे. बी. सुब्बाराव बेल्लारीला गेले, जी. सी. महापात्र ओडिशात. के. पद्दय्या यांच्या वाट्याला कृष्णा आणि भीमा यांच्या बेचक्यातला शोरापूरचा दुआब आला. गडी एकेक प्रदेश घेऊन निघायचा, दोन-चार वर्षं उन्हातान्हात तुडवायचा आणि परत येताना दगडांची पोती, खापरांच्या पिशव्या आणि एक नकाशा आणायचा. भारताच्या प्रागैतिहासाचे नकाशे आज भिंतीवर भरगच्च दिसतात. त्यांतले बरेचसे ठिपके पंचविशीतल्या मुलांनी भरलेले आहेत.

ही वाटणी करणारे गृहस्थ म्हणजे हसमुख धीरजलाल सांकळिया. डेक्कन कॉलेज सरकारने १९३४ साली बंद केलं होतं. माजी विद्यार्थ्यांनी लढून ते वाचवलं आणि १७ ऑगस्ट १९३९ रोजी ते संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं. सांकळिया तेव्हा जेमतेम तिशीचे होते. लंडनहून डॉक्टरेट घेऊन आलेले, ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांच्या इंग्लंडमधल्या मेडन कॅसलच्या उत्खननात हात मळवलेले. याच संस्थेत याच सुमारास मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वेही रुजू झाल्या. पुढे गुजरातेत लांघणजला सूक्ष्म दगडी हत्यारांसोबत माणसांचे सांगाडे मिळाले, त्या कामात दोघंही होते. पण सुरुवात घराजवळूनच झाली. सांकळियांनी १९४० साली पुण्याजवळच्या भोसरीतल्या महापाषाणीय दगडी रचनांवर लेख लिहिला. आज भोसरीत लेथ मशीनच्या आवाजात उभं राहून हे कुणाला सांगितलं तर तो सांगणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत राहील.

नदीच का, याला कारण आहे. नदी म्हणजे निसर्गाने फुकटात खणून दिलेला खड्डा. हजारो वर्षांचा गाळ, वाळू आणि गोटे यांचे थर ती साचवते आणि मग स्वतःच कापून काठावर उघडे करते. पैसा, मजूर, परवाने यांतलं काहीच हाताशी नसलेल्या विद्यार्थ्याने काठाकाठाने चालत जावं आणि दरडीत डोकावावं. गोट्यांच्या थरात माणसाने घडवलेली हातकुऱ्हाड अडकलेली दिसली की तो थर कोणत्या काळातला, तेव्हा पाऊस किती होता, नदीला जोर किती होता, असे प्रश्न एकामागून एक येतात. गोदावरीच्या काठच्या अशाच हत्यारांवर सांकळियांचं पुस्तक १९५२ साली आलं. १९५४ पासून प्रवरेच्या काठी नेवाशाला कामाला सुरुवात झाली. तिथल्या मध्य पुराश्मयुगीन हत्यारांना गावाच्याच नावाने ओळखलं जाऊ लागलं. पुढे गुद्रुन कॉर्विनस ही जर्मन संशोधक नेवाशाजवळच्या चिरकीला आली आणि १९६६ ते १९६९ या काळात तिथे अश्युलियन, म्हणजे पूर्व पुराश्मयुगातल्या हातकुऱ्हाडींच्या परंपरेतल्या, हत्यारांची जागा तिने पद्धतशीर खणली.

नदी फसवतेसुद्धा. वाहून आलेलं हत्यार मूळ जागेवरचं नसतं. जुन्नर तालुक्यात कुकडीच्या काठी बोरीला ज्वालामुखीच्या राखेचा थर आणि त्याच्या संगतीने दगडी हत्यारं मिळाली. आता राखेचं वय काढलं की हत्यारांचं वय कळलं, असं कुणालाही वाटेल. पण एका पद्धतीने ती राख चौदा लाख वर्षांची ठरली, दुसरीने पावणेसात लाखांच्या आसपास, आणि काहींच्या मते ती सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची, म्हणजे फक्त पंचाहत्तर हजार वर्षांपूर्वीची. बोरीचं नाव निघालं की पुण्यातल्या विद्यार्थ्यांच्या दोन पिढ्या अजून हिरिरीने बोलायला लागतात.

एकच प्रदेश किती पुरू शकतो, यासाठी पद्दय्यांचं उदाहरण मुद्दाम पाहावं. शोरापूरच्या नवाश्मयुगीन वस्त्यांवर त्यांनी १९६८ साली डॉक्टरेट मिळवली. साधारणपणे इथे माणूस प्रदेश सोडतो आणि प्राध्यापकी धरतो. त्यांनी प्राध्यापकी धरली, प्रदेश मात्र सोडला नाही. त्याच भागातल्या हुणसगी खोऱ्यात अश्युलियन काळाच्या जागा मिळत गेल्या. १९८३ साली इसामपूर सापडलं. चुनखडीच्या फरश्या फोडून त्याच जागी हत्यारं घडवण्याचा हा आदिमानवाचा कारखानाच. तिथल्या जनावरांच्या दातांवरून निघालेलं वय सुमारे बारा लाख वर्षं आहे. याच टापूत राखेचे प्रचंड ढिगारे आहेत. एकोणिसाव्या शतकापासून त्यांच्यावर तर्क लढवले जात होते आणि ज्वालामुखीपर्यंत कल्पना धावल्या होत्या. आंध्र-तेलंगणाच्या पट्ट्यात उत्नूरला रेमंड ऑल्चिन यांनी १९५७ साली खणून दाखवलं की हे गुरांचे गोठे होते आणि शेणाचे थर पुन्हा पुन्हा पेटवून ते ढीग झाले. तिथे गुरांच्या खुरांचे ठसेही मिळाले. पद्दय्यांनी पुढे बुदिहाळला खणताना ढिगाऱ्यावरच न थांबता त्याच्या शेजारी माणसं राहत कुठे, हा प्रश्न लावून धरला. विद्यार्थिदशेत घेतलेला प्रदेश जन्मभर पुरला.

महाराष्ट्रात शेतकऱ्यांच्या पहिल्या गावांचा शोध मात्र नदीच्या दरडीत लागत नाही. त्यासाठी गावोगाव फिरावं लागतं. रीत साधी आहे आणि पायांना महाग. टोपोशीट, म्हणजे सर्वेक्षणाचा नकाशा, घ्यायचा, तालुक्यातलं एकेक गाव गाठायचं, पारावर नाहीतर टपरीवर बसायचं आणि विचारायचं, इथं पांढर आहे का? मोडलेली घरं, चुलीची राख, शेण, केरकचरा यांच्या थरांनी झालेली करड्या-पांढरट मातीची टेकाडं गावाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असतात. इतिहासाच्या प्रेमाने नव्हे, खतासाठी. पांढरीची माती शेताला मानवते म्हणून ती गाड्या भरभरून नेतात. विद्यार्थी पोचतो तेव्हा अर्धं टेकाड कुणाच्या तरी उसात गेलेलं असतं. कापलेल्या कडेला थर मात्र स्वच्छ दिसतात, हा त्यातल्या त्यात फायदा.

गावकऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सोनं सापडलं का? गुप्तधनाची शंका फिटली की दुसरा: धरण येणार का रस्ता? हातात नकाशा आणि जीपीएस घेऊन हिंडणाऱ्या मुलामुलींना लोकांनी भूसंपादनवाले समजणं अगदी स्वाभाविक आहे. पहिले दोन दिवस ओळखपत्र दाखवण्यात आणि चहा पिण्यात जातात. तिसऱ्या दिवशी एखादी म्हातारी स्वतःहून सांगते, नांगराला मडकी लागतात ती जागा ओढ्यापलीकडे आहे.

सापडतात ती खापरं. खापर फुटतं पण कुजत नाही. त्याची माती, भाजणी, रंग, काठाचा आकार पाहून काळ सांगता येतो. संगमनेरजवळ प्रवरेकाठच्या जोर्वे गावी तांब्याच्या सहा चपट्या कुऱ्हाडी आणि एक बांगडी मिळाली होती. तिथे १९५०-५१ साली सांकळिया आणि शां. भा. देव यांनी खणलं. लाल लेपावर काळी नक्षी, पातळ, पक्की भाजलेली, टिचकी मारली की खणखणणारी भांडी तिथे निघाली आणि ‘जोर्वे संस्कृती’ हे नाव रूढ झालं. या संस्कृतीची दोनशेहून अधिक गावं आज माहीत आहेत. त्यांतल्या अनेकांचा पत्ता अशाच तालुकावार पायपिटीतून लागला. तापीच्या मधल्या खोऱ्यातल्या वस्त्यांची पाहणी वसंत शिंदे यांनी डॉक्टरेटसाठी केली. तीही याच परंपरेतली.

स्वतःच्या मनाने खणण्याची मुभा विद्यार्थ्याला नाही, हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतं. १९५८ च्या कायद्यानुसार उत्खननाला केंद्र सरकारची परवानगी लागते. ती संस्थेला मिळते, प्रमुखाच्या नावावर मिळते आणि अहवाल देण्याचं बंधन घेऊन येते. ते बरंच आहे. खणणं म्हणजे पुरावा वाचता वाचता नष्ट करणं. एकदा काढलेला थर परत घालता येत नाही. म्हणून नवशिक्याच्या हातात कुदळीआधी वही येते.

भीमेला मिळणाऱ्या घोड नदीच्या काठी, शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. तिथे १९६८ च्या हिवाळ्यात काम सुरू झालं आणि १९८३ पर्यंत चाललं. सांकळिया, झैनुद्दीन अन्सारी आणि मधुकर ढवळीकर हे तिघे प्रमुख. पुण्याहून गाडी करून सकाळी निघालं तर दुपारच्या आत पोचावं इतकं हे अंतर, पण विद्यार्थ्यांसाठी हंगाम म्हणजे मुक्काम. चौकोनी खड्डे आखायचे, दोन खड्ड्यांमध्ये मातीची भिंत राखायची, त्या भिंतीवर थरांच्या रेषा सुतळीने आणि खुणेच्या चिठ्ठ्यांनी नोंदवायच्या. मातीचा रंग बदलला की थांबायचं. अनुभवी मजुराच्या हाताला हा बदल विद्यार्थ्याच्या डोळ्याआधी कळतो. माती थोडी पोकळ लागली की तो टिकाव बाजूला ठेवून थापी मागतो. पुस्तकातला स्तरशास्त्राचा धडा इथे निरक्षर माणसाकडून शिकावा लागतो आणि काही जणांना ते जड जातं.

तोवर भारतातल्या बऱ्याच उत्खननांची तऱ्हा उभ्या खड्ड्याची होती. खोल जायचं, थरांची क्रमवारी लावायची, संस्कृतींची यादी करायची. इनामगावला आडवं खणलं गेलं. एका काळातलं जास्तीत जास्त गाव उघडं करायचं, म्हणजे कोण कोणाच्या शेजारी राहत होतं ते दिसेल. एकशे तीसवर घरं उघडली. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षं, तीन कालखंडांत: माळवा, पूर्व जोर्वे आणि उत्तर जोर्वे. मधल्या काळात मोठी चौकोनी घरं, बुटक्या मातीच्या भिंती, वर कुडाचं बांधकाम. गावात पाच खोल्यांचं एक घर होतं आणि त्याला लागून धान्याचं कोठार. कुंभार, सोनार यांसारख्या कारागिरांची घरं पश्चिमेच्या कडेला. नदीचं पाणी वळवणारा पाट आणि त्याला दगडमातीचा बांध. कोठाराला खेटून राहणारा तो म्होरक्या, हा ढवळीकरांचा निष्कर्ष आहे. पुरावा बळकट आहे. तरीही पाच खोल्या म्हणजे सत्ताच का, हा प्रश्न वर्गात कुणीतरी विचारतोच आणि विचारावा.

एका घराच्या जमिनीखाली मातीची लंबगोल डबी मिळाली. तिच्या आत बिनडोक्याची स्त्रीमूर्ती. डबीवर तशीच दुसरी मूर्ती आणि शेजारी बैल. मूर्तीच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला भोकं होती. काडी घातली तर बाई बैलावर बसते. ज्याने हे पहिल्यांदा जुळवून पाहिलं असेल त्या क्षणाचा हेवा वाटतो.

पण इनामगावची खरी दौलत दफनांत आहे. लहान मूल गेलं की दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे, मूल त्यात, आणि तो कुंभ घराच्याच जमिनीखाली पुरायचा. शेजारी तोटीची भांडी आणि वाडगे. प्रौढांना खड्ड्यात आडवं ठेवलेलं, आणि पाय घोट्यापासून तोडलेले. मेलेल्याने परत चालत येऊ नये म्हणून, असा अर्थ लावला जातो. एक अपवाद आहे. पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात चार पायांचा, माणसाच्या पोटासारखा फुगीर, कच्च्या मातीचा रांजण मिळाला. त्यात चाळिशीचा पुरुष बसवलेला होता. त्याचे पाय शाबूत होते.

अशी दोनशेहून अधिक दफनं निघाली. त्यांचा अभ्यास अमेरिकेच्या ओरेगन विद्यापीठातले जॉन लुकाच आणि पुण्याचे सुभाष वाळिंबे यांनी केला. त्याचा खंड १९८६ साली आला आणि मुख्य उत्खनन अहवाल १९८८ साली. बाळाचं वय दात किती फुटले यावरून निघतं. चुलीच्या राखेतलं जळकं धान्य मु. द. काजळे यांनी पाहिलं आणि सातू, गहू यांचा हिशेब लागला. जनावरांची हाडं पी. के. थॉमस यांनी पाहिली. या सगळ्यातून एक कथा उभी राहिली. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास पाऊस हटला, शेती बसली, मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, माणसं शेळ्यामेंढ्यांच्या आणि शिकारीच्या मागे लागली आणि ७०० च्या सुमारास गाव उठलं. मराठी वाचकांनाही ही कथा ढवळीकरांच्या लेखनातून ओळखीची आहे. दुष्काळी तालुक्यात ती कुणालाही लगेच पटते.

वीसेक वर्षांनी त्याच सांगाड्यांकडे एक विद्यार्थिनी आली. ग्वेन रॉबिन्स शुग या ओरेगनमध्ये डॉक्टरेट करत होत्या. नवं खणण्याची त्यांना गरज नव्हती. पुण्यात जपून ठेवलेली बालकांची हाडं त्यांनी मोजली. मांडीच्या हाडावरून मुलाची वाढ आणि वजन, वयांच्या प्रमाणावरून जन्मदर, असे प्रश्न त्यांनी त्या हाडांना विचारले आणि शेजारी हवामानाचे नवे पुरावे मांडले. २०११ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकाने हवामान बिघडलं म्हणून गाव मोडलं, हे सरळ समीकरण नाकारलं. समाज, अन्न आणि जन्म-मृत्यू यांची गुंतागुंत त्यांनी पुढे केली.

जुनी कथा खोटी ठरली, असं म्हणण्याची घाई करू नये. मात्र १००० ला आलेल्या संकटाने गाव ७०० ला उठलं, यातलं तीनशे वर्षांचं अंतर बोलकं आहे. तीनशे वर्षं म्हणजे जवळजवळ शिवकालापासून आजपर्यंतचा काळ. एवढ्या अवधीत लोक नुसते मरत नाहीत. ते जुळवून घेतात, पीक बदलतात, सोयरिकी बदलतात. हा वाद शक्य झाला त्याचं श्रेय मात्र पहिल्या पिढीलाच द्यायला हवं. प्रत्येक कुंभावर क्रमांक घालून, कोणत्या घराखाली, कोणत्या थरात हे कुणीतरी थंडीत बसून लिहिलं होतं, म्हणूनच पुढच्या विद्यार्थिनीला तोच पुरावा उलटा वाचता आला. क्रमांकाविना पेटीत पडलेलं हाड कुणाच्याच कामाचं नसतं, आणि अशा पेट्या भारतातल्या कितीतरी कोठारांत पडून आहेत.

आताच्या विद्यार्थ्याचं लक्ष सोन्याकडे नाही, खापराच्या आतल्या भिंतीत मुरलेल्या चरबीकडे आहे. मातीचं भांडं सच्छिद्र असतं. शिजलेल्याचा अंश त्यात हजारो वर्षं राहतो आणि प्रयोगशाळेत तो वेगळा करता येतो. अक्षयेता सूर्यनारायण यांनी केंब्रिजच्या डॉक्टरेटसाठी वायव्य भारतातल्या सात सिंधूकालीन जागांवरची १७२ खापरं तपासली. त्यांत गाय-म्हैस, शेळी-मेंढी, डुक्कर यांच्या मांसाचे आणि दुधाचे अंश आढळले. कच्छमधल्या कोटडा भाडलीचं उत्खनन डेक्कन कॉलेजाच्या प्रबोध शिरवळकर यांनी केलं होतं. तिथल्या खापरांवर टोरंटोच्या विद्यापीठात कल्याण शेखर चक्रवर्ती यांनी काम केलं आणि साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या दुधदुभत्याचा पुरावा पुढे आला. दोन्ही शोधनिबंध २०२० च्या अखेरीस प्रसिद्ध झाले आणि वर्तमानपत्रांनी मथळे केले मांसाहाराचे. खापर बोलण्याआधीच वाचणाऱ्याने बाजू घेतलेली असते. पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्याला आज हेही निभवावं लागतं.

मग उलट दिशेचं एक काम आहे: जिवंत माणसांकडून मेलेल्यांचं जगणं समजून घेणं. डेक्कन कॉलेजात मालती नागर यांनी कुंभार, आदिवासी आणि भटक्या समाजांच्या घरांचा, भांड्यांचा अभ्यास याच हेतूने केला. टक्सनच्या ॲरिझोना विद्यापीठात विल्यम रॅथजी यांनी विद्यार्थ्यांना चक्क शहरातला ताजा कचरा निवडायला बसवलं. १९७३ साली त्याचा रीतसर प्रकल्प झाला. लोक प्रश्नावलीत दारू कमी पितो म्हणून सांगत आणि बाटल्या वेगळंच सांगत. हे शास्त्र पुण्यात शिकवायला उशीर झालेला नाही; कचऱ्याची इथे टंचाई नाही.

या सगळ्या पद्धतींना न जुमानणारा विषय सध्या कोकणात आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळपठारांवर, जांभ्यात कोरलेली कातळशिल्पं. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारख्या स्थानिक हौशी शोधकांनी गावोगाव हिंडून ती उजेडात आणली. काम तेच, फक्त पदवीविना. कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांची गर्दी आहे. रत्नागिरीतली सात ठिकाणं, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यात कुशावतीच्या काठचं पणसायमळ ही २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्यांतलं बारसू तर प्रस्तावित रिफायनरीच्या वादाने घराघरांत पोचलं.

अडचण अशी की सड्यावर मातीच नाही. थर नाहीत, म्हणजे खणायला काही नाही. दगडावर कोरलेली रेष स्वतःचं वय सांगत नाही. उरतात आडवाटेचे पुरावे. चित्रांत गेंडा आहे, जो आज कोकणात नाही. शेतीची किंवा गुराढोरांच्या कळपांची चित्रं जवळपास नाहीत. आसपास सूक्ष्म दगडी हत्यारं सापडतात, पण ती कोरणाऱ्याचीच, हे सिद्ध कसं करायचं? उताराच्या खालच्या अंगाला, जिथे सड्यावरून धुऊन आलेली माती साचते, तिथे आणि जवळपासच्या गुहांत खणून तारखा मिळवणं हा एक मार्ग आहे. त्यासाठी परवाना हवा, जमीनमालकाची संमती हवी, प्रयोगशाळेचा खर्च हवा. आणि वेळही थोडा. पावसात रेषांत पाणी भरतं, ओसरलं की गवत छातीपर्यंत वाढतं आणि गवत कापून सडा मोकळा होईपर्यंत डिसेंबर उजाडतो. मार्चनंतर जांभा इतका तापतो की अनवाणी उभं राहवत नाही, आणि कोरीव रेषांवर बुटांनी चालायला परवानगी नसते. मोजमापं, छायाचित्रं, ड्रोनचे फोटो, सगळं या तीन महिन्यांत उरकायचं असतं. परीक्षाही त्याच सुमारास येतात.